पाडकामाआधी अ‍ॅस्बेस्टॉस कसा शोधायचा: जुन्या कारखान्याच्या शेडसाठी पायरीपायरीने

पाडकामाचं काम निघालं की सगळ्यात आधी भंगाराचा हिशेब होतो. लोखंड किती, केबल किती, सागवानी दारं किती. अ‍ॅस्बेस्टॉस (ज्याचे बारीक धागे फुप्फुसात गेले की कर्करोग होऊ शकतो ते खनिज) किती, हे कुणी विचारत नाही, कारण त्याचे पैसे येत नाहीत, उलट जातात. हा लेख नव्याने या कामाला लागलेल्या साइट इंजिनिअर, सेफ्टी ऑफिसर आणि स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्यांसाठी आहे. समोर उदाहरण ठेवलं आहे ते एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या शेडचं: सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचं छप्पर, मागे बॉयलर खोली, बाजूला दोन मजली ऑफिस. शाळा, चाळ, थिएटर किंवा दवाखान्याची इमारत असली तरी पद्धत हीच, फक्त शोधायच्या जागा बदलतात.

इमारतीच्या वर्षावर विसंबू नका

ब्रिटनमध्ये १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आली. त्यामुळे २००० नंतरची इमारत असेल तर तिथला सर्वेअर बराच निर्धास्त असतो. आपल्याकडे ही सोय नाही. क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस घातलेले सिमेंट पत्रे भारतात आजही कायदेशीररीत्या बनतात आणि विकले जातात. शेड १९८२ ची असो की २०१२ ची, छपरावर सिमेंटचा पन्हळी पत्रा दिसला की त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालायचं. इमारतीच्या वयाचा उपयोग आहे, पण उलट बाजूने: जितकी जुनी, तितकी निळा म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट सापडण्याची शक्यता जास्त, विशेषतः गरम पाइपांच्या आणि भट्ट्यांच्या आवरणात. पांढरा, निळा, तपकिरी, तिन्ही प्रकार कर्करोगजनक आहेत. रंगाच्या या नावांवरून मात्र डोळ्यांनी ओळख पटवायला जाऊ नका. सिमेंटमध्ये मिसळलेला किंवा वर्षानुवर्षं तापलेला निळा अ‍ॅस्बेस्टॉस निळा दिसतोच असं नाही.

आजार दिसायला साधारण २० ते ४० वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. आज धूळ खाल्लेल्या बिगाऱ्याला आज खोकलाही येणार नाही. म्हणून ‘आम्ही इतकी वर्षं पत्रे फोडतोय, काही झालं नाही’ हा मुकादमाचा युक्तिवाद ऐकून घ्यायचा आणि काम आपल्या पद्धतीनेच करायचं. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपून ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं ते याच कारणाने.

घट्ट आणि भुसभुशीत

तपासणीत सगळा भर एका फरकावर असतो. सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस वजनाच्या सुमारे ८ ते १० टक्के असतो आणि सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो. पत्रा अख्खा असेपर्यंत धागे फारसे सुटत नाहीत. फोडला, ग्राइंडरने कापला, घासला की सुटतात. स्टीम पाइपावरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण), भट्टीच्या दाराची दोरी, लोखंडी तुळयांवर फवारलेला थर हे मात्र हाताने चुरगळतं. यात धाग्यांचं प्रमाण कितीतरी जास्त असतं आणि नुसतं बोट लागलं तरी ते हवेत जातात.

नवख्या माणसाची नजर छपरावर जाते, कारण ते मोठं आहे आणि दिसतं. छपराची यादी तर भंगारवालाही करून देईल. तपासणी करणाऱ्याचं खरं काम बॉयलर खोलीत आहे.

पहिली पायरी: कागद आणि माणसं

जागेवर जाण्याआधी मंजूर नकाशे, वाढीव बांधकामाचे नकाशे, बॉयलरची कागदपत्रं, अग्निशमनाचे जुने दाखले आणि देखभालीची रजिस्टरं मागवा. नकाशावर ‘ए.सी. शीट’ किंवा ‘ए.सी. पाइप’ लिहिलेलं असेल तर तिथे ए.सी. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट, हे नव्या पिढीच्या ड्राफ्ट्समनला माहीत नसतं. खरेदीच्या जुन्या बिलांत ‘मिलबोर्ड’, ‘अ‍ॅस्बेस्टॉस रोप’, ‘८५ टक्के मॅग्नेशिया’ असे शब्द शोधा. पाइपांच्या आवरणासाठीच्या या शेवटच्या मालात उरलेले १५ टक्के बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असायचा.

मग जुना फिटर, वायरमन किंवा बॉयलर अटेंडंट गाठा. निवृत्त असला तरी बोलवा आणि चहा पाजा. एवढी स्वस्त माहिती दुसरीकडे मिळणार नाही. त्याला विचारायचे प्रश्न नेमके ठेवा: स्टीम लाइन कुठून कुठे जात होती? कोणती लाइन बंद करून भिंतीत तशीच सोडली? लॅगिंग कधी बदललं आणि जुनं कुठे टाकलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा ‘मागच्या कुंपणाजवळ पुरलं’ असं येतं, आणि तपासणीत एक जागा वाढते.

दुसरी पायरी: काही न फोडता फेरी

पहिली फेरी नुसती बघण्याची. कशालाही हात लावायचा नाही. वरून खाली आणि बाहेरून आत या क्रमाने जा, प्रत्येक खोलीला क्रमांक द्या आणि कुठेही काही सापडलं नाही तरी त्या क्रमांकापुढे तशी नोंद करा.

छपरावर चढू नका. हे वाक्य सुरक्षेचा शिष्टाचार म्हणून लिहिलेलं नाही. सिमेंट पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो, वर शेवाळ धरतं, आणि माणसाचं वजन पडलं की खालून आवाजही न करता फुटतो. पत्र्यातून खाली काँक्रीटवर पडून लोक मरतात, आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या आजारासारखी त्याला वीस वर्षं लागत नाहीत. छप्पर खालून, शिडीवरून किंवा ड्रोनने बघा. वर जाणं अगदीच भाग असेल तर पर्लिनवर (पत्र्यांखालच्या आडव्या तुळयांवर) टेकणाऱ्या फळ्या, सेफ्टी बेल्ट आणि तो बांधायला पक्का आधार, तिन्ही हवेत.

पत्र्यावर आयएसआयचा शिक्का आणि ‘आयएस ४५९’ हा आकडा दिसला तर प्रयोगशाळेचे पैसे वाचवा: तो अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचाच पत्रा आहे. सपाट पत्र्यांसाठी आयएस २०९६, दाबाच्या पाइपांसाठी आयएस १५९२, आणि इमारतीचे पाइप, पन्हळ, गटर यांच्यासाठी आयएस १६२६ हे आकडे लक्षात ठेवा. शिक्का उन्हापावसात पुसला जातो. तो सापडण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दोन पत्र्यांच्या जोडाखालचा, झाकलेला भाग.

छपरानंतर या जागा बघा. रिजचे (छपराच्या माथ्यावरचे) तुकडे, पावसाच्या पाण्याचे पाइप, संडासाच्या लाइनचा वरपर्यंत गेलेला व्हेंट पाइप आणि त्याची टोपी. पोटमाळ्यावरची जुनी पाण्याची टाकी. ऑफिसच्या पार्टिशनचे सपाट बोर्ड, खिडकीखालची भिंत, फॉल्स सीलिंगच्या टाइल्स. कूलिंग टॉवरच्या आतले पन्हळी थर. हे थर बघायचं लोक हमखास विसरतात. एअर कंडिशनिंगच्या डक्टमधला कापडी जोड. फर्शीवर ९ इंची जुन्या व्हिनाइल टाइल्स असतील तर टाइल आणि तिच्याखालचा काळा चिकट थर, दोन्ही संशयित. गच्चीवरचा डांबरी फेल्ट. पन्हळीत साचलेला गाळ: झिजलेल्या पत्र्यावरून धुऊन आलेले धागे तिथे बसतात.

विजेच्या खोलीत जुन्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये पांढऱ्या कापडाची किंवा दोरीची पट्टी असते. स्विचबोर्डच्या मागे राखाडी पुठ्ठ्यासारखा जाड बोर्ड असतो, तो मिलबोर्ड असू शकतो. लिफ्टच्या मशीन रूममध्ये ब्रेकचे लायनर बघा. वीज पूर्ण तोडल्याचा लेखी कागद हातात आल्याशिवाय यातलं काहीही उघडायचं नाही.

आता बॉयलर खोली, आणि तिथे घाई नको. पाइपावर बाहेरून चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं क्लॅडिंग आणि त्याखाली पिवळं ग्लासवूल दिसलं की नवखा माणूस ‘नाही’ लिहून पुढे जातो. सरळ पाइपांचं लॅगिंग बदलणं सोपं असतं, ते बदलतात. बेंड, व्हॉल्व्ह, फ्लँज आणि भिंतीतून पाइप आरपार जातो ती जागा यांवर हाताने लिंपलेला जुना पांढरट थर तसाच राहतो. म्हणून प्रत्येक बेंडजवळ थांबा. फ्लँजमधल्या गॅस्केट, बॉयलरच्या मॅनहोलची आणि दाराची दोरी, चिमणीला जाणाऱ्या फ्ल्यूचा जोड, भट्टीच्या विटांमागचा बोर्ड. जमिनीवर, बॉयलरच्या पायाशी आणि केबलच्या चरात पडलेली पांढरी भुकटी ही गळलेल्या लॅगिंगची असू शकते. ती झाडू नका, तुडवू नका, तिचा स्वतंत्र नमुना घ्या.

तिसरी पायरी: उघडून बघणं

पाडकामाआधीची तपासणी आणि वापरातल्या इमारतीची तपासणी यांत फरक इथे पडतो. इमारत पाडायचीच आहे, तेव्हा फॉल्स सीलिंग उघडा, डक्ट कापा, पार्टिशनला भोक पाडा, शाफ्टचं झाकण काढा, फर्शीचा एक कोपरा उचला. त्यासाठी इमारत रिकामी असली पाहिजे. अर्धं ऑफिस चालू असताना ही पायरी उरकायला सांगणारा मालक भेटतोच. त्याला नम्रपणे सांगा की उघडलेल्या भागात नंतर माणसं बसवता येणार नाहीत.

जिथे पोचता आलं नाही तिथे ‘नाही’ लिहू नका. ‘पाहिलं नाही, असल्याचं गृहीत’ असं लिहा. सापडलेलं अ‍ॅस्बेस्टॉस दहा वेळा मोजलेला अहवालसुद्धा या एका चुकीने कुचकामी ठरतो, कारण पाडणारा ठेकेदार कोरी जागा म्हणजे सुरक्षित जागा असंच वाचतो.

चौथी पायरी: नमुना घेणं

सामान आधी मांडून ठेवा: डोकं झाकणारा एकदाच वापरायचा कव्हरऑल, नायट्राइल हातमोजे, पी३ किंवा पी१०० फिल्टरचा अर्धा मास्क. कोविडमधला एन९५ इथे पुरत नाही, कापडी रुमाल तर नाहीच. दाढी असेल तर मास्कच्या कडेने हवा आत येते, तेव्हा दाढी काढा किंवा दुसऱ्याला पाठवा. शिवाय फवारणीची बाटली, लिटरभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, छिन्नी, पक्कड, धारदार सुरी, झिपच्या जाड पिशव्या, ओले वाइप्स, २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, रुंद चिकटपट्टी, पुटी, मार्कर. साबणाचं पाणी यासाठी की नुसतं पाणी लॅगिंगवरून ओघळून जातं, आत मुरत नाही.

कामगारांना, चौकीदाराला आणि कुतूहल असलेल्या सगळ्यांना बाहेर काढा. पंखे बंद. खाली प्लास्टिक अंथरा. जागा फवारून ओली करा आणि मिनिटभर थांबा. सिमेंटच्या पत्र्याचा साधारण ५ चौरस सेंटिमीटरचा तुकडा पक्कडीने कडेवरून किंवा आधीच्या तड्याजवळून तोडा. ड्रिल किंवा ग्राइंडर कदापि नको. लॅगिंगचा नमुना मात्र वरच्या रंगापासून थेट पाइपाच्या लोखंडापर्यंत, सगळे थर येतील असा घ्या. वरचं प्लास्टर साधं आणि आतला थर अ‍ॅस्बेस्टॉसचा, असं नेहमी असतं. वरवर खरवडलेला नमुना ‘आढळला नाही’ असा निकाल घेऊन येतो. सुरी आत घालताना तिच्या पात्याबरोबर पाणी सोडत राहा.

तुकडा पिशवीत, पिशवी पुसून दुसऱ्या पिशवीत. तोच क्रमांक पिशवीवर, वहीत आणि भिंतीवर. शेजारी मोजपट्टी धरून फोटो. भोक पुटीने किंवा चिकटपट्टीने बंद करा. हत्यार ओल्या वाइपने पुसल्याशिवाय पुढच्या नमुन्याला लावू नका, नाहीतर बॉयलरमधले धागे ऑफिसच्या टाइलमध्ये ‘सापडतील’. याच कारणाने नमुने कमी संशयाच्या जागेपासून जास्त संशयाच्या जागेकडे घेत जा. शेवटी प्लास्टिक, वाइप्स, हातमोजे सगळं एका पिशवीत बांधा. कव्हरऑल बाहेरची बाजू आत गुंडाळत काढा आणि मास्क सगळ्यात शेवटी. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढू नका. त्याचा फिल्टर धागे अडवत नाही, मागून खोलीभर उडवतो.

किती नमुने? दिसायला, वापराला आणि बसवण्याच्या काळाला सारखा असलेला माल म्हणजे एक गट. अमेरिकेतला शाळांसाठीचा नियम हाताशी धरायला सोयीचा आहे: फवारलेल्या किंवा लिंपलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्र १००० चौरस फुटांपर्यंत असेल तर ३, १००० ते ५००० पर्यंत ५, त्यावर ७ नमुने. पाइपाच्या लॅगिंगच्या प्रत्येक गटाचे किमान ३. गटातल्या एका नमुन्यात जरी सापडला तरी सगळा गट अ‍ॅस्बेस्टॉसचा धरायचा. दोन ‘नाही’ आणि एक ‘हो’ यांची सरासरी काढायची नसते.

पाचवी पायरी: प्रयोगशाळा

एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असून भागत नाही. मान्यतेच्या यादीत घन नमुन्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची चाचणी आहे का, ते बघा. बऱ्याच प्रयोगशाळा पाणी-माती करतात आणि हे काम बाहेर पाठवतात. नेहमीची चाचणी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. धागा ठरावीक अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवून त्याचे रंग बघतात: क्रायसोटाइलसाठी १.५५०, अमोसाइटसाठी १.६७०, क्रोसिडोलाइटसाठी १.७०० चा द्रव. अहवालात पद्धतीचं नाव, प्रत्येक थराचा वेगळा निकाल, अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रकार आणि अंदाजे टक्केवारी असली पाहिजे. थर एकत्र दळून एकच निकाल दिला असेल तर परत पाठवा.

व्हिनाइल टाइलच्या बाबतीत जपून. तिच्यातले धागे इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. तिथे ‘आढळला नाही’ आलं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चाचणी मागवा, किंवा टाइल सरळ अ‍ॅस्बेस्टॉसची धरून मोकळे व्हा. क्षेत्र लहान असेल तर दुसरा पर्याय स्वस्त पडतो.

सहावी पायरी: नोंदवही आणि मोजमाप

ठेकेदाराला निबंध नको असतो, तक्ता हवा असतो. एक ओळ अशी असावी: क्रमांक बी-०४, बॉयलर खोली, पश्चिम भिंत, मुख्य स्टीम लाइन, ४ इंची पाइप, लॅगिंग ५० मिलिमीटर जाड, वरचा कॅनव्हास दोन ठिकाणी फाटलेला, लांबी १८ मीटर, बेंड ३, व्हॉल्व्ह २, नमुने ३, निकाल अमोसाइट, भुसभुशीत, पाडकामाआधी काढणे. सोबत फोटो आणि नकाशावर खूण. या ओळीतून आकारमानही निघतं: ११४ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पाइपावर ५० मिलिमीटरचा थर, १८ मीटर लांब, म्हणजे जवळजवळ ०.४६ घनमीटर. काढल्यावर तो फुगतो, त्यामुळे पिशव्या त्याहून जास्त लागतात.

छपरासाठी पत्रेच मोजा. २० बाय ६० मीटरची शेड, उतार १८ अंशांच्या आसपास, ३ मीटर लांब आणि १.०५ मीटर रुंद पत्रे, टोकाला १५० मिलिमीटर आणि बाजूला थोडा पत्रा एकमेकांवर चढतो असं धरलं तर क्षेत्रफळाने सुमारे ४४० पत्रे येतात. एक पत्रा ४० ते ४२ किलोचा. म्हणजे छपराचं वजन साधारण १८ टन. हा आकडा टेंडरमध्ये लिहिला नाही तर पत्र्यांची विल्हेवाट ‘राडारोडा’ या एका शब्दात जाते, आणि ते एखाद्या नाल्याच्या भरावात सापडतात किंवा दुसऱ्याच्या घरावर पुन्हा चढतात.

सातवी पायरी: अहवाल पाडकामाला जोडणं

पाडकामाची सुरक्षा संहिता आयएस ४१३० आणि अ‍ॅस्बेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीचं मानक आयएस ११७६८, ही दोन्ही कंत्राटात नावानिशी घाला. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉसची नोंद पहिल्या अनुसूचीत १५.२ क्रमांकाखाली आहे. तुमच्या इमारतीतून निघणाऱ्या मालाचं काय करायचं, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामायिक केंद्रं आहेत. वाहतुकीबरोबर फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचं नोंदपत्र) जातं, आणि घातक कचरा साठवायला साधारणपणे ९० दिवसांची मुदत असते. केंद्राची तारीख मिळवण्याआधी पत्रे उतरवायला सुरुवात केली तर ही मुदत पावसाळ्यात संपते.

काढण्याचा क्रमही अहवालातच सांगा. आधी भुसभुशीत माल, बंदिस्त जागेत, प्रशिक्षित माणसांकडून. मग पत्रे: ओले करून, पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हूकचा नट कापून, पत्रा अख्खा खाली. वरून फेकायचा नाही. जमिनीत गाडलेले दाबाचे पाइप नकाशावर दाखवा, नाहीतर पायाच्या खोदाईत पोकलेनच त्यांचा चुरा करेल. हे सगळं बाहेर गेल्यावरच जेसीबी आत.

पाडताना नोंदवहीत नसलेलं काही उघडं पडलं, उदाहरणार्थ विटांच्या भिंतीत बुजवलेला पांढऱ्या आवरणाचा पाइप, तर तिथलं काम थांबवा, यंत्र मागे घ्या, जागा बारीक फवाऱ्याने ओली करा, प्लास्टिकने झाका आणि दोरी बांधा. नमुना घ्या, निकाल येईपर्यंत ते अ‍ॅस्बेस्टॉसच समजा, आणि नोंदवहीत नवी ओळ वाढवून तिची प्रत त्याच दिवशी ठेकेदाराच्या सहीसकट परत घ्या.